आधी नावं लिहा!

मंगळवेढ्यात दामाजीपंतांची कथा पोरासोरांनाही पाठ. दुष्काळात पंतांनी सरकारी कोठारं खुली केली. मग खुद्द विठ्ठलानं बिदरला बादशहाकडे जाऊन धान्याचे पैसे भरले आणि रीतसर पावतीही घेतली. कागदाचं महत्त्व देवालाही ठाऊक!

आमच्या क्रीडा अधिकाऱ्यांची भक्ती मात्र निराकार. जुलै २०२५ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन-रुर इथं जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताचे बॅडमिंटनचे १२ खेळाडू निवडले, विमानात बसवले, तिथवर पोहोचवले. फक्त ६ जणांची नावं नीट द्यायची राहिली! ते ६ जण खेळलेच नाहीत. उरलेल्यांनी तरीही मिश्र सांघिक कांस्य जिंकलं. सत्काराचे हार मात्र वेळेवर आले असणार. त्यात आपण कधी चुकत नाही.

आता २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, २०३६च्या ऑलिंपिकवरही डोळा आहे. पुण्यानं २००८मध्ये बालेवाडीत युवा राष्ट्रकुल स्पर्धा भरवल्याच होत्या. उद्या विद्यापीठांची जागतिक स्पर्धाही खुशाल मागा. पाहुण्यांना मालदांडी ज्वारीची भाकरी आम्ही वाढू. पण साहेब, यजमानपदाचा अर्ज भरण्याआधी १२ नावं बिनचूक लिहिणारा एक कारकून तेवढा नेमा.