अर्धा कोयता कोणत्या रकान्यात?

गेवराई, जि. बीड

माननीय गाइडकार साहेब,



आपलं नाव इथे लिहीत नाही. आपल्यासारखी गाइडं काढणारे बरेच आहेत, आणि एकाचंच नाव घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल. आपल्या मुखपृष्ठावर नावाआधी 'सुप्रसिद्ध', 'अनुभवी' आणि 'विद्यार्थीप्रिय' अशी तीन विशेषणं छापलेली आहेत. अ‍ॅडजेक्टिव्हचा धडा लिहायला याहून लायक माणूस मिळणं अवघड, म्हणून मी तो उत्तरसूचीसकट वाचला.

तलाठी भरतीच्या पेपरात 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे असतात. त्यामुळे गेवराईतल्या अभ्यासिकांमध्ये आपला धडा पाठांतराला असतो. अ‍ॅडजेक्टिव्हचे प्रकार आपण नऊ सांगितलेत: क्वालिटी, क्वांटिटी, नंबर, डिमॉन्स्ट्रेटिव्ह, डिस्ट्रिब्युटिव्ह, इंटरॉगेटिव्ह, पझेसिव्ह, एम्फसायझिंग आणि एक्स्क्लेमेटरी. उत्तरसूचीत मात्र ते दहा होतात, कारण 'इंडियन' शब्दापाशी प्रॉपर अ‍ॅडजेक्टिव्ह नावाचा एक पाहुणा परस्पर जेवायला बसलेला दिसतो. मराठी व्याकरण गुणविशेषण, संख्याविशेषण आणि सार्वनामिक विशेषण अशा तिघांवर भागवतं. आपल्या इंग्रजीचा संसार मोठा आहे, हे मान्य.

आता 'सम राइस' मधला 'सम' क्वांटिटीचा आणि 'सम बॉइज' मधला 'सम' नंबरचा, हे आपण चौकटीत, ठळक अक्षरांत दिलंय. ऑल, नो, एनी, इनफ, मोस्ट यांनाही आपण असंच दोन-दोन घरी नांदायला लावलंय. पण साहेब, 'सम' तोच आहे. बदललंय ते पुढचं नाम. तांदूळ इंग्रजीत मोजत नाहीत, मुलं मोजतात. खरा धडा मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांचा आहे. 'मच' कुठे आणि 'मेनी' कुठे, 'लिटल' कुठे आणि 'फ्यू' कुठे, हे सगळं त्यावर ठरतं. तो न शिकवल्यामुळेच पोरं 'इन्फर्मेशन्स' आणि 'फर्निचर्स' लिहितात. आपण नामाचा रोग विशेषणाच्या नावावर नोंदवून मोकळे झालात.

याहून मोठी करामत 'माय' आणि 'धिस' यांची. आपल्या मते 'माय' हे पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह, 'धिस' हे डिमॉन्स्ट्रेटिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह, आणि 'गुड', 'ओल्ड' ही क्वालिटीची. सगळी अ‍ॅडजेक्टिव्हच. मग पोरगं साधा हिशेब करतं: 'गुड ओल्ड बुक' चालतं, दोन अ‍ॅडजेक्टिव्ह शेजारी बसतात, तर 'माय धिस बुक' का चालू नये? त्यात आपल्या मराठीत 'माझं हे पुस्तक' बिनदिक्कत चालतं. म्हणून ते 'माय धिस बुक' लिहितं आणि मास्तर त्यावर लाल रेघ मारतात. चूक पोराची नाही, साहेब. आपण सांगितलेला नियम त्यानं प्रामाणिकपणे पाळला, एवढाच त्याचा गुन्हा.

ही भानगड इंग्रजीच्या व्याकरणकारांनी कधीच निस्तरली आहे. लिओनार्ड ब्लूमफील्ड यांच्या 1933 च्या ग्रंथात 'डिटर्मिनर' हा अ‍ॅडजेक्टिव्हमधलाच, पण वेगळा पोटवर्ग आहे. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांनी 1985 मध्ये जाडजूड व्याकरण लिहिलं, त्यात तर माय, धिस, ईच, सम, विच ही मंडळी अ‍ॅडजेक्टिव्हपासून वेगळी बसवली आहेत. कसोटीही सोपी आहे. शब्दाआधी 'व्हेरी' लावून बघायचं. 'व्हेरी गुड' होतं, 'व्हेरी माय' होत नाही, 'व्हेरी ईच' तर मुळीच नाही. आणि माय, धिस यांच्यापैकी एका नामाला एकच मिळतो, दोघं एकत्र येत नाहीत. आपल्या नऊ प्रकारांतल्या निम्म्याहून अधिकांचा निकाल एवढ्यात लागला असता. पण मग पानं कमी झाली असती आणि पानं कमी झाली की किंमत. ते कसं परवडणार?

आपला तक्ता आला कुठून, याचा माग काढणं अवघड नाही. तो रेन अँड मार्टिनच्या घराण्यातला. त्यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे त्यांनी 1924 मध्ये 'बो जेस्ट' ही वाळवंटातल्या फ्रेंच फौजेची साहसकथा लिहिली, तिच्यावर हॉलिवूडनं सिनेमे काढले. ते व्याकरण 1930 च्या दशकातलं. तेव्हा गेवराई त्या इलाख्यात नव्हती, निजामाच्या मुलखात होती, आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. म्हणजे रेनसाहेबांचा अंमल आमच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही. 17 सप्टेंबर 1948 ला आम्ही निजामातून सुटलो. त्यानंतर आपण आम्हाला रेनसाहेबांच्या ताब्यात दिलंत. बरं, मूळ पुस्तकात निदान उदाहरणं आणि भरपूर सराव तरी होता. आपण त्यातला तक्ता उचललात आणि बाकीचं सोडून दिलंत.

डिग्रीचं काय सांगू! 'डिग्री बदला' हा महाराष्ट्राचा लाडका प्रश्न. त्यावर आपण आमच्याच तालुक्याचं उदाहरण दिलंत, याबद्दल मात्र मनापासून आभार. 10 ऑगस्ट 1763 ला गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला. आपल्या हाती ही लढाई लागली आणि तिचं 'माधवराव वॉज वन ऑफ द ग्रेटेस्ट पेशवाज' झालं. मग 'व्हेरी फ्यू पेशवाज वेअर अ‍ॅज ग्रेट अ‍ॅज माधवराव'. मग 'माधवराव वॉज ग्रेटर दॅन मोस्ट अदर पेशवाज'. पेशवे बोटांवर मोजण्याइतके, त्यातले 'व्हेरी फ्यू' म्हणजे नेमके किती, हे विचारायची सोय नाही. पोरगं तिन्ही वाक्यं झोपेत म्हणतं. माधवराव मोठे का, हे दोन इंग्रजी वाक्यांत सांग म्हटलं की गप्प. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीला पोचेस्तोवर दहा वर्षांचं इंग्रजी पोटात असतं आणि बाहेर येतं ते 'व्हेरी फ्यू'.

जे खरंच अडतं ते आपल्या गाइडात नाही. 'आय अ‍ॅम बोअर्ड' आणि 'आय अ‍ॅम बोअरिंग' यांतला फरक नाही. मुलाखतीत पोरं स्वतःला कंटाळवाणी जाहीर करून येतात. 'अस्लीप', 'अफ्रेड', 'अलाइव्ह' ही नामाच्या आधी बसत नाहीत, क्रियापदाच्या पुढेच येतात, हेही नाही. असो.

आता मुद्द्याचं. ज्या नोकरीसाठी हा खटाटोप, त्या तलाठ्याला विशेषणं फार लागतात. जायकवाडीतून पाणी सोडलं आणि वरून पाऊस झोडपायला लागला की गोदाकाठच्या शिवारात पाणी घुसतं, आणि मग तलाठी पंचनाम्याला येतो. केंद्राच्या 2022 नंतरच्या निकषांत पिकाच्या नुकसानीला हेक्टरी मदत अशी: जिरायत असेल तर 8,500 रुपये, बागायत असेल तर 17,000, बहुवार्षिक असेल तर 22,500. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त पाहिजे. 2015 च्या आधी ही अट 50 टक्क्यांची होती. घर पडलं तर ते पक्कं की कच्चं, तेही लिहावं लागतं. म्हणजे जिरायत आणि बागायत या दोन विशेषणांमधला फरक हेक्टरी साडेआठ हजारांचा. तिथे चुकीचा शब्द पडला तर माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसतो. आपल्या तक्त्यात हे सगळे शब्द एकाच खणात जातात: क्वालिटी. त्यापुढे आपलं काम संपतं. 'इरिगेटेड' आणि 'रेनफेड' हे शब्द आपल्या धड्यात एकदाही नाहीत, 'ब्यूटिफुल' मात्र भरपूर वेळा आहे. इंग्रजी येणाऱ्या तलाठ्याला शासनाच्या निकषांचा इंग्रजी मजकूर वाचून आमच्यासारख्याला चार गोष्टी सांगता आल्या असत्या. आपण त्याला 'रोज इज ब्यूटिफुल' मधलं विशेषण ओळखायला बसवलंत. ते त्याला अचूक येतं, तेवढं श्रेय आपलं.

आणि एक शंका, नवीन आवृत्ती निघण्याआधी सोडवावी. दसरा-दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. आता आपल्या तक्त्यात 'वन' नंबरच्या रकान्यात आहे आणि 'हाफ' क्वांटिटीच्या. क्वांटिटी म्हणजे जे मोजत नाहीत, मापतात: दूध, पीठ, पाणी. तेव्हा दोघं मिळून मोजले गेले की नंबर, आणि एकटी बाई ऊस तोडायला निघाली की ती क्वांटिटी, असं समजायचं का? की आपण त्यासाठी अकरावा प्रकार काढणार?

हा प्रश्न पुढच्या आवृत्तीत जरूर घाला, चार पर्याय देऊन. उत्तरसूचीत काहीही छापलंत तरी आपल्याला कुणी पत्र लिहिणार नाही. हंगाम सुरू झाला की ज्यांना ते उत्तर तपासता आलं असतं, त्यांतली बरीच लेकरं फडावर असतात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये.

आपला,
एक वाचक

ता. क. सहीतला 'एक' हा नंबर, डेफिनिट. चुकलं असल्यास मार्क कापावेत.