पलीकडच्या आजींचा दुधी

"अहो काकू, पलीकडच्या इटालियन आजींचा मांडव बघितलात?"

"न बघून सांगते कुणाला! हातभर लांब दुधी लोंबताहेत. आणि माझ्या वेलाला नुसती फुलं. या एडिसन गावची माती त्यांना एकट्यांनाच पावते वाटतं."

"कुकुझा म्हणतात त्या त्याला. बी सिसिलीहून भावाने पाठवलेलं. आहे आपला दुधीच, फक्त अंगाने सडपातळ. पण खरी गंमत पुढेच आहे. परवा मी वेलाचे शेंडे खुडून कचऱ्यात टाकत होते, तर आजी तरातरा कुंपणाशी. 'टाकतेस? दे इकडे!' दुसऱ्या दिवशी पातेलंभर सार हजर."

"पाल्याचं?"

"कोवळा पाला, ताणे, लसूण, टोमॅटो आणि त्यातच स्पॅगेटीचे तुकडे. पालेर्मोकडे ऐन उन्हाळ्यात करतात म्हणे. कोमटच खायचं."

"तुकडे? अगं, आमच्या नातवाने स्पॅगेटी मोडली तर त्याच्या इटालियन मित्राने केवढा गहजब केला होता!"

"मी विचारलं ना तेच. म्हणाल्या, सारात मोडूनच घालतात. चमच्यात मावायला नको?"

"हे बाकी पटलं. पण मग दर रविवारी सकाळपासून मांसाचा वास सुटतो तो? मी आपली खिडक्या लावून बसते."

"तो सुनेच्या हौसेचा. टोमॅटोचा सॉस तीन-चार तास रटरटत ठेवायचा, त्यात खिम्याचे गोळे, सॉसेज, डुकराच्या फासळ्या, काय नि काय. सूनबाई नेपल्सकडच्या घरातली, पण तिचे पणजोबाच इकडे आलेले. त्यामुळे गोळे आधी तळायचे की कच्चेच सॉसमध्ये सोडायचे, यावरून सासू-सुनेचं वर्षभर वाजतं. पाहुण्यांसमोर मात्र ही ठसक्यात सांगणार, 'आमची पिढीजात रेसिपी.' आजी तेव्हा चकार शब्द काढत नाहीत. मंगळवारी कुंपणाशी आल्या की मला म्हणतात, 'कसली पिढीजात! माझ्या आईने मांस शिजवलं ते सणावारी.'"

"म्हणजे सून थापा मारते?"

"थापा नाही हो. आमच्या लेकीचा शाळेत यावरच प्रोजेक्ट होता, म्हणून मला पाठ. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांवर इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक सगळे दक्षिणेतले, गरिबीला कंटाळलेले. इथे मांस परवडायला लागलं, तसं ते रविवारच्या पातेल्यात पडलं. सुनेच्या घरात तीन-चार पिढ्या तेच शिजतंय. तिच्यासाठी ते पिढीजातच की! मला खटकतं ते एवढंच, की आजींचं स्वतःचं जेवण आठवड्याच्या मधल्या वारांना, एकटीच्या ताटात. सून त्याला गवत म्हणते."

"गवत! आणि स्वतः मेली दुकानातून महागाचं सॅलड आणते."

"अजून ऐका. चीज परवडायचं नाही तेव्हा तिकडे शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून पास्त्यावर घालायचे. आजी अजून घालतात. १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला तर हटकून. जोसेफ सुतार ना, तर तो चुरा म्हणजे त्याचा लाकडाचा भुसा! तर सून विचारते कशी, 'चीज संपलंय का? आणून देऊ?'"

"बाई गं! बरं, त्या सारात मांसाबिंसाचा अंश नाही ना?"

"अजिबात नाही. खात्री करून घेतली मी."

"मग माझेही शेंडे देत जा त्यांना. नाहीतरी या वेलाला दुधी काही धरत नाही."

"देते. पण त्यांचं पातेलं माझ्याकडेच आहे, ते रिकामं कसं परत करू? दुधी हलवा घालून देऊ का? दुधीचं गोड बघून हसतील का हो?"

"कशाला हसतील?"

"तेही खरंच. त्यांच्याकडेही असाच दुधी साखरेत मुरवून कसाट्यात घालतात, त्याच सांगत होत्या."

"कसाटा? आपल्याकडे लग्नात मिळायचं ते रंगीत आइस्क्रीम?"

"ते नव्हे हो! त्यांचा कसाटा म्हणजे केक, आत रिकोटा चीज आणि साखर, वर बदामाचं आवरण."

"असू दे असू दे. तू हलवाच दे. बघू या, सूनबाई तो पाहुण्यांना कुणाची पिढीजात रेसिपी म्हणून सांगते!"