संत्रा आमचा, शोध नागपूरचा

राजेहो, चहा घ्या आणि निवाडा तुम्हीच करा. माझ्या मेव्हण्याची मोर्शीला संत्र्याची बाग आहे. यंदा मृग बहाराचा माल व्यापाऱ्याला न देता वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला विकायचा, असं त्याच्या मनानं घेतलं. वेबसाइट शोधात वर यायची तर लोक नेमकं काय टाइप करतात, ते आधी हुडकावं लागतं. याला कीवर्ड रिसर्च म्हणतात. "भाऊजी, तुमी दिवसभर कॉम्प्युटरवरच असता, तेवढं पाह्यजा," एवढ्यावर माझी नेमणूक झाली. आर्थिक तरतूद : निरंक.

या कामाची नावाजलेली साधनं महिन्याला शंभर डॉलरच्या वर मागतात. हा आकडा रुपयांत ऐकल्यावर मेव्हणा फवारणीला निघून गेला.

राहिलं फुकटातलं. एका बड्या कंपनीचं असं साधन आहे. नाव घेत नाही, कारण काम तिच्याकडेच अडलेलं आहे. कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, ते हे साधन सांगतं. मात्र जाहिरातीवर पैसा न टाकणाऱ्याला नेमका आकडा मिळत नाही, त्याच्या हातावर '१०० ते १ हजार' असा प्रसाद ठेवतात. आता पेट्या शंभर भरायच्या की हजार, ते ज्यानं त्यानं आपापल्या श्रद्धेनुसार ठरवावं. आमच्याकडे पिकाची पैसेवारी निघते : आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. तिच्यावर सारा गाव चिडलेला असतो. पण 'पाच पैसे ते पन्नास पैसे' असं लिहून देण्याची हिंमत आजवर कोण्या तलाठ्यानं केलेली नाही.

दुसरा फुकटचा मार्ग म्हणजे शोधाच्या चौकटीत शब्द लिहून पुढे एकेक अक्षर टाकत जायचं आणि खाली काय सुचवलं जातं ते वहीत उतरवायचं. 'संत्रा' लिहून 'ब' टाकला, बर्फी आली, नागपूरची. 'भ' टाकला, भाव आला, नागपूरचा. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही 'नागपूर संत्रा' याच नावानं. झाड मोर्शीचं, पाणी मोर्शीचं, झाडाला लागलेला डिंक्यासुद्धा मोर्शीचा, फक्त नाव तेवढं नागपूरचं. शेजारच्या वरुडला लोक 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. म्हणजे कौतुक झालं तेही उसन्या नावावर.

बरं, नागपूर सोडून 'अमरावती' लिहावं, तर पडद्यावर आंध्र प्रदेश. तिथल्या अमरावतीची राजधानी म्हणून पायाभरणी झाली २०१५ साली. आमची अमरावती केव्हापासूनची विभागीय मुख्यालय आहे, इथं आयुक्त बसतात, अंबादेवी आहे, गिला वडा आहे. ज्येष्ठतेचा काही नियम आहे की नाही?

मेव्हण्याच्या सासरची तूरडाळही याच साइटवर ठेवायची होती. सासर अकोल्याचं, म्हणून 'अकोला' शोधलं, तर मधूनच नगरकडचं अकोले डोकावलं, आणि त्याच्यामागून कळसूबाईची चढाई, सोबत काय न्यावं याच्या यादीसकट. मे महिन्याच्या उन्हात अकोल्याचा माणूस स्वतःच्या घराचा जिना चढत नाही, हे त्या यंत्राला कोणी सांगावं?

शेवटी 'मोर्शी संत्रा' हेच शब्द घेऊन लोकप्रियता दाखवणाऱ्या साधनाकडे गेलो. ते ० ते १०० असे गुण देतं. मोर्शीला शून्यही दिलं नाही. 'पुरेशी माहिती उपलब्ध नाही,' असा शेरा मारून प्रकरण निकाली काढलं. शून्य मिळालं असतं तर निदान फेरतपासणीचा अर्ज करता आला असता.

त्यामुळे तडजोड म्हणून वेबसाइटवर 'नागपुरी संत्रा, थेट अमरावतीहून' असं लिहिलं. आम्ही दोघं त्या दिवशी जेवताना एकमेकांशी बोललो नाही.

पहिला फोन मात्र आला. हैदराबादचे एक गृहस्थ होते. "अमरावती में प्लॉट का क्या रेट चल रहा है?" असं त्यांनी विचारलं. मेव्हण्यानं त्यांना मोर्शी रोडवरची एक जागा सुचवली आहे आणि रस्त्यालगतच्या प्लॉटसाठी लोक काय टाइप करतात, ते मला सोमवारपर्यंत काढून द्यायला सांगितलं आहे.