पगार कोणी कोणाला द्यायचा?

‘पैसे भरा, नोकरी लावून देतो’ म्हणणारा माणूस खेड तालुक्यातल्या निघोजेत नवा नाही. गाड्यांच्या कारखान्यांनी वेढलेल्या या गावातलं बारावीचं पोरगंही त्याला दहा पावलांवरून ओळखतं. त्याच्याकडे कंपनीचं पत्र नसतं, कंपनीतल्या साहेबांची ओळख असते.

हाच माणूस ब्लेझर घालून आला, त्यानं टेबलावर विमानाचं मॉडेल मांडलं आणि आकडा पन्नास हजारांवरून पन्नास लाखांवर नेला, की आपण त्याला करिअर समुपदेशक म्हणतो. चहाही पाजतो.

का?

या पट्ट्यानं विमानतळाची वाट वर्षानुवर्षं पाहिली. खेड तालुक्यात जागा पाहून झाल्या, शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरकडे वळला. विमानाचं स्वप्न विकणारे मात्र इकडची वाट विसरले नाहीत. एमआयडीसीत गेलेल्या जमिनीचे पैसे कोणत्या गावांत आले, हे त्यांना तलाठ्याइतकंच माहीत असतं.

आधी खरा खर्च पाहू. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, वैद्यकीय तपासणी, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर आणि २०० तासांचं उड्डाण, की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर ही नावं उड्डाण शिकवण्याच्या क्षेत्रात जुनी आहेत. सगळे मिळून पन्नास लाखांच्या आसपास पैसे जातात. महाग आहे, पण विकत काय घेतलं ते कळतं.

परवाना म्हणजे नोकरी नव्हे. पैसे भरताना हे वाक्य कोणी मोठ्यानं उच्चारत नाही.

मग एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायची पात्रता. आणखी वीसेक लाख. तेही झालं की कंपनी विचारते, अनुभव कुठे आहे? बाप पुरता थकलेला असतो, पोरगा घरी बसलेला असतो. नेमक्या याच वेळी फोन येतो: लाइन ट्रेनिंगचं पॅकेज आहे, परदेशात, ५०० तास.

हे पॅकेज म्हणजे काय? प्रवाशांनी भरलेल्या खऱ्या विमानात को-पायलटच्या खुर्चीत बसायचं. काम खरं, जबाबदारी खरी, मागे बसलेली माणसं खरी. फक्त पैशाची दिशा उलटी. कंपनीनं वैमानिकाला द्यायचे सोडून वैमानिकानं कंपनीला द्यायचे.

आणि ५०० तास संपल्यावर?

त्या खुर्चीत पुढचा पैसे भरणारा बसतो. पैसे देऊन राबणारी रांग दाराशी उभी असताना पगार देऊन माणूस ठेवायची गरज कोणाला? अनुभव मिळाल्यावर नोकरी मिळेल, असं सांगून विकलेलं हे पॅकेजच नोकरीची जागा खाऊन टाकतं. इंडोनेशियात आणि युरोपात काही कंपन्यांनी हे केलं. युरोपातल्या वैमानिकांच्या महासंघानं त्याविरुद्ध मोहीम उघडली, ती उगाच नव्हे.

आता शेजारच्या कारखान्यात डोकावा. आयटीआय झालेला पोरगा ॲप्रेंटिस म्हणून लागला तर त्याला विद्यावेतन मिळतं. १९६१ चा कायदा आहे तसा. नट आवळायला शिकणाऱ्याला पैसे मिळतात. दीड-दोनशे माणसं घेऊन उडणाऱ्यानं पैसे मोजायचे?

आपल्याकडे या उलट्या पगाराचं सभ्य रूप म्हणजे कॅडेट कार्यक्रम: कंपनीच्या नावानं, पण आपल्या पैशानं प्रशिक्षण. नामांकित विमान कंपन्या, काटेकोर निवड, सगळं लेखी. याला फसवणूक म्हणणार नाही. पण खर्च कोटीच्या घरात आणि जोखीम सगळी घरच्यांची. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटच्या कार्यक्रमात पैसे भरलेली मुलं मधल्या मध्ये लटकली. कंपनी दिवाळखोरीत जाऊ शकते. बापाचा हप्ता जाऊ शकत नाही.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते. म्हणजे घर किंवा प्लॉट. पोरगा खाली बसून राहिला तरी परवान्यावरचं रेटिंग जिवंत ठेवायला चाचण्या द्याव्याच लागतात, सिम्युलेटरचे पैसे भरून. कामाला लागायच्या आधीच दुरुस्तीचा खर्च सुरू.

‘देशाला तीस हजार पायलट हवेत.’ प्रत्येक जाहिरातीत हा आकडा असतो. आकडा सरकारी आहे, पण तो पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा आहे. साधा भागाकार करा: वर्षाला दीड-दोन हजार. २०२३ या एका वर्षात डीजीसीएनं सोळाशेहून अधिक परवाने दिले. तुटवडा आहे तो मुरलेल्या कॅप्टनचा. नवखे रांगेत आहेत.

गरज वीस वर्षांची, हप्ता पुढच्या महिन्याचा.

कोणी म्हणेल, पैसे त्यांचे, स्वप्न त्यांचं, तुम्हाला काय त्रास? त्रास प्रवाशाला आहे. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक विमान पुढच्या चाकावर आदळत उतरलं. चौकशीत कॅप्टनच्या परवान्यामागची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग धागा ओढला गेला आणि राजस्थानातल्या एका उड्डाणशाळेत न उडालेले तास वहीत भरल्याची प्रकरणं बाहेर आली. तास ही विकायची वस्तू ठरली की कोणीतरी ती उड्डाणाशिवाय विकणारच.

डीजीसीए उड्डाणसंस्थांना मान्यता देतं. २०२५ पासून त्यांची क्रमवारीही लावतं, आणि पहिल्याच यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. मान्यताप्राप्त संस्थांची ही गत असेल, तर मान्यताच लागत नाही अशा समुपदेशकांचं काय? मोशीतल्या गाळ्यात बसून एखादा परदेशातले ५०० तास विकत असेल, तर त्याची क्रमवारी कोण लावतं?

कोणीच नाही.

म्हणून निदान एवढं करा. एक रुपया देण्याआधी पोराची वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर तिथेच थांबता येतं, पन्नास लाख गेल्यावर नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला सांगा, विमान कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आण. गेल्या वर्षी पैसे भरलेली मुलं आज कुठल्या विमानात आहेत, ते त्या मुलांच्याच तोंडून ऐकू दे. त्यानं विषय बदलला, तर उठा.

सगळा शहाणपणा बापाकडूनच मागायचा हेही बरं नव्हे. नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ पुण्याचेच खासदार आहेत. निघोजे त्यांच्या मतदारसंघात येत नाही, पण निघोजेचा पोरगा त्यांच्या खात्यात येतो. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधल्या खुर्चीसाठी वैमानिकाकडून, थेट किंवा दलालामार्फत, पैसे घेण्यास मनाई आहे, एवढं एक कलम डीजीसीएच्या नियमांत घालायला किती दिवस लागतात, मोहोळसाहेब?