तगर, तीस सेकंदांत

पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर आहे, एवढं सांगून पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेचा कर्ता मोकळा झाला. एकोणिसाव्या शतकातले विद्वान ते कधी जुन्नरला, कधी दौलताबादेत शोधत बसले. अखेर १९०१ मध्ये फ्लीटसाहेबांनी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरवर बोट ठेवलं. आता असले शोध तीस सेकंदांत लागतात. ड्रोन आणि ढोल-ताशाचं संगीत तेवढं लागतं.

तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग अर्धगोल का, ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं का, यावर एखादा जाणकार जपून चार ओळी लिहितो. त्याला तीन अंगठे मिळतात. ‘रोमचा सम्राट तेरचंच धोतर नेसायचा’ असं ठणकावणाऱ्या हौशी इतिहासकाराला हजारो बदाम. जाणकाराने पुरावा मागितलाच, तर उत्तर तयार: ‘सर, आपल्या मातीचा अभिमान नाही का तुम्हाला?’

पुरावे तेरच्याच लामतुरे संग्रहालयात मांडलेले आहेत. पण तिथे जाऊन पाट्या वाचाव्या लागतात, आणि पाट्या फॉरवर्ड होत नाहीत.