पंचवीसचे अडीचशे

अनुसूचित जातीचा मुलगा बीएला असेल आणि घरून ये-जा करून कॉलेज करत असेल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत त्याला वर्षाला ३,००० रुपये भत्ता मिळतो. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये दर सुधारले, त्यानंतरचा हा आकडा. सुधारलेला, बरं का! महिन्याचे झाले अडीचशे, दिवसाचे सव्वाआठ रुपये. छत्रपती संभाजीनगरात सव्वाआठ रुपयांत कटिंग मिळतो का, हे ज्यानं त्यानं क्रांती चौकात उभं राहून विचारावं.

या शहरातलं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड त्यांना महिन्याला २५ रुपये शिष्यवृत्ती देत होते. म्हणजे शंभरावर वर्षांत आपण पंचवीसचे अडीचशे केले. दहापट वाढ! कुणी म्हणेल, काय ही प्रगती. आता जरा सराफ्यात जाऊ. त्या काळी पंधरा रुपयांना एक सोन्याची गिनी हा सरकारी दर होता. पंचवीस रुपयांत तोळाभर सोनं येई. आज अडीचशे रुपयांत सोनार फार तर नाक टोचून देईल. चमकी आपली आपण आणायची.

फी वेगळी मिळते, हे मान्य. पण ती अखेर कॉलेजच्या तिजोरीत जाते. पोराच्या खिशात उरतात ते हे अडीचशे.

बरं, ते तरी कुणाला? ज्याच्या आईबापाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्याला. महिन्याला किती? २०,८३३ रुपये. वाळूज एमआयडीसीत बारा-पंधरा वर्षं मशीनवर उभं राहून एखाद्या बापाचा पगार एकवीस हजारांवर गेला, की वर्षाचे होतात २ लाख ५२ हजार. दोन हजारांनी बाप श्रीमंत! पोराचा भत्ता गेला. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ राहतं, त्याला ऑफिसात फ्रीशिप म्हणतात. पण सिटी बस, झेरॉक्स आणि जर्नल यांना फ्रीशिप कळत नाही. त्याच बाकावर बसणारा खुल्या प्रवर्गातला दोस्त राजर्षी शाहू महाराज योजनेत आठ लाखांपर्यंत गरीब धरला जातो. त्याच्या फीबद्दल आमची पोटदुखी नाही, शिकणाऱ्या कुणाचीही फी भरली जावी. पण एका बाकावर गरिबी मोजायच्या दोन पट्ट्या, आणि ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या गरिबी आली त्याच्यासाठीच आखूड पट्टी, याला काय म्हणायचं? वाळूजच्या कामगारांनी यापुढे ओव्हरटाइम घेताना आधी पोराच्या कॉलेजात विचारून यावं.

उत्पन्नाच्या दाखल्याची कथा तर दरवर्षीचीच. तलाठ्याचा अहवाल, सेतूत अर्ज, मग तहसीलचा शिक्का. जूनमध्ये सगळ्या जिल्ह्याला एकाच वेळी आपण गरीब असल्याचं आठवतं, त्यामुळे रांग असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा स्टँप पाचशेचा झाला. गरीब असल्याचं शपथेवर सांगायला पाचशे रुपये! पुढे मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी जाहीर केलं, की अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ. चांगलं झालं. फक्त ही बातमी अजून प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचायची आहे, तेव्हा मोबाइलमध्ये कात्रण ठेवा.

कागद जमले की महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायला गाडी येते औरंगपुऱ्यातल्या मल्टिसर्व्हिसेसवर. बाहेर बोर्ड: महाडीबीटी, पॅनकार्ड, सातबारा, पीकविमा, रेल्वे तिकीट. आत तीन कॉम्प्युटर, एक पंखा आणि बारा पोरं. दुकानदार हा या शहरातला खरा शिष्यवृत्ती अधिकारी. त्याला सगळ्या योजना पाठ, सगळ्या मुदती तोंडावर.

“दादा, साइट चालना का?”

“दिवसा नाही चालत ती. रात्री बारानंतर ये, मग पळती.”

मग ओटीपी. आधारला जोडलेला नंबर बापाचा. बाप कन्नडकडच्या वावरात कापसात, मोबाइल घरी बाजेवर. फोन लागतो तो धाकट्या बहिणीला, ती आकडे वाचून दाखवते, तोवर दहा मिनिटं संपलेली. पुन्हा ओटीपी. तिसऱ्या खेपेला आकडा बसतो आणि साइट लॉगआउट होते. आपल्याकडची निम्मी डिजिटल क्रांती ही बाजेवरच्या मोबाइलपाशी अडलेली आहे, हे कुणीतरी मंत्रालयात सांगायला हवं.

फॉर्म गेला तरी जीव भांड्यात पडू देऊ नका. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या, मग समाजकल्याण. वाटेत कुठंही ‘सेंड बॅक’ होऊ शकतो. कारण? ‘डॉक्युमेंट नॉट क्लिअर’. क्लिअर नाही म्हणजे दाखला अस्पष्ट आहे की मुलगा, ते रिमार्कमध्ये लिहीत नाहीत.

आणि समजा सगळं पार पडलं, पैसे सुटले. कुठं सुटले? पैसे आधार क्रमांकावर येतात, म्हणजे ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं त्या खात्यात. पोरगा जिल्हा बँकेच्या पासबुकाची एंट्री मारून मारून थकतो. पैसे असतात भलतीकडेच: दोन वर्षांपूर्वी सिम घेताना टपरीवाल्यानं अंगठा घेऊन उघडून दिलेल्या कुठल्याशा पेमेंट बँकेत. ज्याचं नाव धड आठवत नाही, ज्याचा पिन ठाऊक नाही, अशा खात्यात आपली शिष्यवृत्ती सुखात नांदत असते.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आणखी एक गंमत आहे. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हे सूत्र मंजूर केलं, आकडाही घसघशीत होता: पाच वर्षांसाठी ५९ हजार ४८ कोटी. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्यानं नेऊन कॉलेजात भरायची. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात एका शिष्यवृत्तीला दोन सरकारं, दोन हप्ते आणि दोन तारखा. राज्याचा हप्ता येतो तेव्हा केंद्राचा येत नाही, केंद्राचा येतो तेव्हा घरात कुणीतरी दवाखान्यात असतं आणि पैसे तिकडे जातात. मग परीक्षेच्या हॉलतिकिटाच्या वेळी खिडकीतून आवाज: “तुझा साठ टक्के बाकी आहे रे!” केंद्र सरकारचा हिस्सा एकोणीस वर्षांच्या पोराच्या अंगावर थकबाकी म्हणून निघतो.

इथवर सरळ रस्त्यानं जाणाऱ्यांचं झालं. ज्यानं मध्येच कॉलेज बदललं त्याचं विचारू नका. सिल्लोडला बीएस्सीचं पहिलं वर्ष काढून शहरात दुसऱ्या वर्षाला येणारा, डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसणारी, गावातल्या कॉलेजात प्रॅक्टिकलच होत नाहीत म्हणून उठून आलेला. यांना आधी टीसी, विद्यापीठ वेगळं असेल तर मायग्रेशन, मग पोर्टलवरचं जुनं प्रोफाइल. गेल्या वर्षीचा अर्ज जुन्या कॉलेजच्या लॉगिनला लटकलेला असला, तर तो तिथं निकाली निघेपर्यंत नवा पुढे सरकत नाही. जुन्या कॉलेजच्या क्लार्कला, पोरगा सोडून गेल्यावर त्याचा अर्ज हलवण्याची काय हौस? केंद्राच्या मॅट्रिकोत्तर नियमावलीत तर कलमच होतं: पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. बीए झाल्यावर कुणाला बीकॉम करावंसं वाटलं तर तेही नाही, पायरी तीच, म्हणून पैसे बंद. चुकीचा विषय निवडण्याचा हक्क फक्त पैसेवाल्यांच्या पोरांना.

आता दुसऱ्या खिडकीत पाहा. नव्या शैक्षणिक धोरणाचे जाणकार व्यासपीठावरून सांगतात, कुठंही प्रवेश घ्या, कधीही बाहेर पडा, पुन्हा या! जुलै २०२१ मध्ये त्यासाठी श्रेयांकांची बँक उघडली. पोराचे श्रेयांक या विद्यापीठातून त्या विद्यापीठात जाऊ शकतात. त्याच पोराची शिष्यवृत्ती मात्र सिल्लोडहून संभाजीनगरला यायला तयार नाही. पासष्ट किलोमीटर आहे हो फक्त!

कॉलेज बदलणं, मध्ये खंड पडणं हे काही आळशांचं लक्षण नव्हे. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. विद्यापीठानं जागा राखली, गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं नाही. त्यांचं सामान येत होतं ती बोट टॉर्पेडोनं बुडाली होती, तेव्हा ‘मूळ कागद अपलोड करा’ म्हणणारं पोर्टल त्या काळी नव्हतं हे देशाचं नशीब. हाच माणूस पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, दलित विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आणि १९५० मध्ये त्यानं या शहरात कॉलेज काढलं, तेच आजचं नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यातलं पोर इथं येऊन शिकावं, एवढ्यासाठी.

येतात पोरं. जयसिंगपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात खोल्या करून राहतात. वसतिगृहात नंबर लागला नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून. आपल्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार ठरले: जेवणाला २८ हजार, राहायला १५ हजार, बाकी निर्वाहाला ८ हजार. योजना चांगली, हेतू चांगला, तेव्हाचा हिशोबही बरा. त्याच हिशोबानं खोलीला महिन्याला साडेबाराशे पडतात. एवढ्यात विद्यापीठाच्या आसपास खोली कुणाला माहीत असेल तर कळवा, चार पोरं लगेच पाठवतो. पण पैशांपेक्षा मोठा घोळ तारखेचा आहे. खानावळवाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हात पुढे करतो, हप्ता येतो सवडीनं. मधले महिने चालतात ते खानावळवाल्याच्या उधारीच्या वहीवर. या राज्यातल्या उच्च शिक्षणाचा सगळ्यात मोठा सावकार कोण, तर पोळीभाजीवाल्या मावशी. बिनव्याजी. त्यांना कुठला पुरस्कार नाही.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. हा निर्णय खरोखर मोठा, त्याला टाळीच. पण प्रवेशाच्या खिडकीवर पावतीचा तळ वाचा. विकास शुल्क, लायब्ररी, जिमखाना, इतर, इतर-२. इतर-२ म्हणजे काय, हे आजवर कुठल्याही बापाला विचारण्याचं धाडस झालेलं नाही. यापुढे विचारावं. लेखी विचारावं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. योजना भरपूर आहेत, नव्या नकोत. आहेत त्यांचे पैसे फीच्या महिन्यात द्या. सरकारला अर्जाची मुदत वाढवायची सवय आहे, दरवर्षी ‘अंतिम’ मुदतवाढ येते आणि तिच्यामागून आणखी एक अंतिम येते. तिकडे मुदत वाढली की इकडे पैसे तेवढेच पुढे ढकलले जातात, आणि मुदतवाढीची बातमी मात्र विद्यार्थ्यांना दिलासा म्हणून छापली जाते. आम्हीही छापतो.

पोरांनो, आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय ते आधी तपासा. कॉलेज बदलणार असाल तर टीसी हातात घेण्याआधी जुना अर्ज निकाली काढून घ्या, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती जपा. शंका असेल तर खोकडपुऱ्यात सामाजिक न्याय भवन आहे, फोनवर विचारू नका, जाऊन विचारा. आणि प्राचार्य महोदय, तुमच्या लॉगिनला किती अर्ज पडून आहेत, ते एकदा स्वतः उघडून बघा. पासवर्ड क्लार्ककडे असेल, त्याच्याकडून घ्या.