वेड न पांघरता भिगवणला

वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला आपल्याकडे शहाणा म्हणतात. हे पेडगाव भीमेच्या काठी आहे. तीच भीमा पुढे उजनी धरणाच्या फुगवट्यात पसरते आणि भिगवणजवळ तिचा पैलतीर धुक्यात दिसेनासा होतो. हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे चारला पुणं सोडून, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर जाऊन, उजाडायच्या आत पक्ष्यांचे फोटो काढायला तिथल्या होडीत बसणारी माणसं आहेत. मी त्यांच्यातलाच एक. आम्ही वेड पांघरलेलं नाही. पांघरलेलं वेड काम साधलं की उतरवून ठेवता येतं. आमचं पंधरा-सोळा वर्षांत उतरलं नाही, आणि ते उतरू नये अशीच माझी इच्छा आहे. म्हणून या वेडाची स्तुती मी हातचं न राखता करणार आहे.

शहाण्यांचा आक्षेप सरळ आहे. खंड्या 2009 साली होता तसाच आजही आहे, मग तुम्ही कॅमेरे का बदलता? त्याचं उत्तर माझ्या खरेदीच्या क्रमातच आहे.

पहिला कॅमेरा 2009 साली घेतलेला निकॉनचा डी 90, त्यावर 18-105 ची किट लेन्स. त्या लेन्समधून भिगवणचे रोहित पक्षी म्हणजे पाण्याच्या कडेला ओढलेली एक गुलाबी रेघ. पण ती रेघ बघता बघताच मला कळू लागलं, की थवा उन्हाच्या कोणत्या बाजूला उभा आहे, त्याच्या मागे काय आहे, धुकं किती वाजता उठतं. मग 70-300 आली, जेमतेम पाऊण किलोची. तिने खंड्याची चोच दाखवली आणि उजेडाची किंमतही दाखवली. 300 वर तिचं अ‍ॅपर्चर 5.6 च्या पुढे उघडत नाही. ऊन कललं की शटर मंदावायचं आणि आयएसओ वाढवावा तर फोटोवर दाणे उठायचे. एफ 4 ची लेन्स एफ 5.6 च्या दुप्पट उजेड आत घेते, हे पुस्तकात वाचून माणूस विसरतो. खंड्याचा सूर मारतानाचा फोटो हलला, की ते जन्मभर लक्षात राहतं.

2015 साली निकॉनची 200-500 बाजारात आली आणि पुढच्या वर्षी डी 500. दोन्ही मी हप्त्यांनी घेतले. एकत्र वजन तीन किलोंच्या वर. डी 500 चा सेन्सर लहान, त्यामुळे दीडपट क्रॉप मिळतो आणि 500 ची लेन्स 750 सारखी दिसते. शिवाय सेकंदाला दहा फोटो. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात घराला रंग लागला असता." तिचं बरोबर होतं. घराला रंग खरोखरच लागला असता. त्या पैशांत मला वेडा राघू मिळाला.

वेडा राघू म्हणजे चिमणीएवढा हिरवा पक्षी, शेपटीत बारीक काडीसारखी लांब पिसं. तारेवर किंवा सुक्या काटकीवर बसतो, तिथून झेपावतो, हवेतल्या हवेत माशी टिपतो आणि बहुतेक वेळा त्याच काटकीवर परत येतो. मधमाशी धरली असेल तर तिला काटकीवर आपटून, घासून तिचा डंख काढतो आणि मगच गिळतो. इतक्या नेमक्या पक्ष्याला आपण वेडा म्हणतो. पहिले कित्येक महिने मी लेन्स त्याच्या मागे फिरवत राहिलो आणि कार्डावर निळं आभाळ जमत गेलं. शेवटी बर्स्टमधले दहा-दहा फोटो एकापुढे एक लावून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. तो जातो कुठेही, येतो ठरलेल्या जागी. त्याच्या मागे धावायचं नाही. शटर दोन हजारांवर ठेवायचं, काटकीवर फोकस धरायचा आणि थांबायचं. थांबणं मला कोणी शिकवलं नव्हतं. ते सेकंदाला दहा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने शिकवलं.

त्यानंतर मिररलेस आले. 2023 मध्ये आलेला झेड 8 आणि त्याच वर्षीची 180-600 ही सध्याची माझी जोडी. हा कॅमेरा सेकंदाला वीस रॉ फोटो घेतो. जुन्या फिल्मचा छत्तीसचा रोल दोन सेकंदांच्या आत संपला असता. पक्ष्याचा डोळा तो स्वतः हुडकतो आणि धरून ठेवतो. मला त्याचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते त्याच्या शांततेचं. त्यात आरसा नाही आणि यांत्रिक शटरही नाही, त्यामुळे पूर्वी जो खटका ऐकून पाणकाठची टिटवी मान वळवायची तो खटका आता होतच नाही. सगळं यंत्रच करतं मग तुमचं काय, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे: यंत्र डोळा शोधतं, पण पक्षी कोणत्या काटकीवर येणार हे शोधत नाही. आणि साडेनऊच्या पुढे पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली, की दहा लाखांच्या वरची 600 एफ 4 सुद्धा हात टेकते. अंतर जितकं जास्त तितकी ती थरथर जास्त दिसते. मग कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बघायचं. तो तास मी कधी वाया गेला असं मानलं नाही.

या वेडाला वाडवडील आहेत. 1920 च्या दशकात संयुक्त प्रांतातले वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन वाघाच्या वाटेवर तार ताणून कॅमेरा लावून ठेवायचे. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटायचा आणि वाघ स्वतःचाच फोटो काढायचा. रात्रभराच्या खटाटोपाला एखादा फोटो, तोही साधला तर. साहेबाची प्रतिष्ठा मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभं राहण्यात होती, त्या काळात हा माणूस जिवंत वाघाच्या सावलीसाठी तारा ताणत होता. त्यांचं पुस्तक 1927 साली आलं, आणि जिम कॉर्बेट यांच्या हाती कॅमेरा आला त्यात चॅम्पियन यांच्या फोटोंचा वाटा आहे. चॅम्पियन यांनी रंगकामाचा हिशेब केला असता तर आपण दरिद्री राहिलो असतो.

वेडाची स्तुती करताना हावेला मात्र वेगळं काढायला हवं, कारण ती आमच्याच रांगेत, आमच्याच लेन्स घेऊन उभी असते. घरट्याआडच्या फांद्या मोडून पिल्लं उघडी पाडणारा, विणीच्या दिवसांत मोबाइलवर पक्ष्याची शीळ पुन्हा पुन्हा वाजवून त्याला बाहेर काढणारा माणूस वेडा नाही. त्याला फोटो हवा आहे, पक्षी नको आहे. वेड्याला पक्षी हवा असतो. फोटो मिळाला तर आनंद.

हे मला नीट कळलं ते गेल्या हिवाळ्यात. उजाडत होतं. पट्टकदंब हंसांचा मोठा थवा चिखलाच्या पट्टीवर चरत होता. हिमालय ओलांडून आलेले पक्षी ते. होडीवाल्या दादांनी विचारलं, "साहेब, अजून जवळ घेऊ का?" मी पाहिलं तर थव्याच्या कडेच्या पाच-सहा माना ताठ झाल्या होत्या. हा पहिला इशारा. आणखी दहा हात पुढे गेलो असतो तर सगळा थवा उठला असता, आणि दिवसभर अशा होड्या येत राहिल्या तर त्यांनी चरायचं कधी? "नको दादा, इथंच राहू द्या," मी म्हणालो.

ते वाक्य मी 2009 साली म्हणू शकलो नसतो. 105 च्या लेन्सला तिथून काहीच दिसलं नसतं; मी होडी पुढे घ्यायला लावली असती. इतकी वर्षं माझा समज होता, की हे पैसे मी पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी मोजतो आहे. मी मोजत होतो लांब थांबता येण्यासाठी. प्रत्येक नव्या लेन्सने माझ्यात आणि पक्ष्यात थोडी मोकळी जागा सोडली. शहाणा माणूस अंतर कमी करायला पैसे देतो. ते राखायला लाखभर रुपये देणं हे वेडच आहे, आणि मी ते मान्य करतो.

दादांनी बांबू चिखलात रोवून होडी धरली. आम्ही दोघेही हललो नाही. ताठ झालेल्या मानांपैकी एक खाली गेली, मग दुसरी, मग सगळ्याच. थवा पुन्हा चरू लागला. तेव्हा मी कॅमेरा डोळ्याला लावला.